मागचा स्टॅबिलायझर बार जाड केल्यावर गाडीत नेमके काय बदलते

गाडीची हाताळणी सुधारण्यासाठी बाजारात जे सुटे भाग मिळतात, त्यांत मागच्या चाकांचा जाड स्टॅबिलायझर बार हा खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक दाखवणारा भाग आहे. तो काही तासांत बसतो, त्यासाठी इंजिनाला हात लावावा लागत नाही, गाडीची उंची बदलत नाही आणि पहिल्या चार-सहा वळणांतच चालकाला बदल जाणवतो. याच कारणाने ‘बार बदलला की गाडीची पकड वाढते’ हा समज पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे. बारमुळे टायरची रस्त्यावरची पकड रतीभरही वाढत नाही. उलट मागच्या दोन चाकांची मिळून जी पकड असते ती थोडी घटते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते अशा गाडीत हीच घट उपयोगी पडते, आणि पावसाळ्यात घाटात हीच घट अंगाशी येऊ शकते. एकाच कारणाने फायदा आणि धोका दोन्ही कसे होतात, हे समजून घेतले तर बार घ्यावा की नाही आणि घ्यायचा तर किती जाड घ्यावा, हे आपले आपल्याला ठरवता येते.

हा बार म्हणजे स्प्रिंगच्या जातीच्या पोलादाची एक लांब सळई असते. तिची दोन्ही टोके एकाच दिशेला वळवलेली असतात, त्यामुळे तिला साधारण यू अक्षराचा आकार येतो. मधला आडवा भाग रबरी बुश आणि पत्र्याचे क्लॅम्प यांच्या साहाय्याने चासीला किंवा सबफ्रेमला (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीला) धरलेला असतो आणि त्या बुशमध्ये तो फिरू शकतो. दोन्ही टोके छोट्या लिंक रॉडने डाव्या आणि उजव्या चाकाच्या आर्मला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर गेली, उदाहरणार्थ गतिरोधक सरळ ओलांडताना, तर बार बुशमध्ये नुसता फिरतो आणि काहीच विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, तर मात्र ओला पंचा पिळावा तसा त्याचा मधला भाग पिळला जातो, आणि पोलाद ताठ असल्यामुळे तो पीळ सोडवण्यासाठी जोर लावतो.

वळणावर नेमके हेच घडते. गाडी डावीकडे वळली की तिचे धड उजवीकडे कलते. उजवे, म्हणजे बाहेरचे चाक धडाच्या तुलनेत वर जाते आणि डावे, म्हणजे आतले चाक खाली लोंबते. पिळलेला बार बाहेरच्या चाकाला खाली दाबतो आणि आतल्या चाकाला वर उचलतो. धडाचे कलणे त्यामुळे कमी होते आणि सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाते. पण त्याच वेळी त्या ॲक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या त्या जोडीच्या, आतल्या चाकावरचा काही भार बाहेरच्या चाकावर गेलेला असतो. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही दुसरी आहे.

वळणावर आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे एकूण किती भार सरकतो, हे काढण्याचे गणित शाळेतले आहे. समजा गाडी १२०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर दीड मीटर आहे आणि वळण इतक्या वेगाने घेतले आहे की बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट झाला आहे. हे वळण चांगलेच जोरात घेतलेले आहे. रोजच्या चालवण्यात हा आकडा याच्या निम्म्यावरही क्वचितच जातो. आता १२०० गुणिले ०.८ गुणिले ०.५५, भागिले १.५, म्हणजे सुमारे ३५२ किलो भार आतून बाहेर सरकला. या सूत्रात वजन आहे, उंची आहे, रुंदी आहे आणि वेगातून येणारा जोर आहे. स्प्रिंग, शॉकअप किंवा बार यांचा त्यात पत्ताच नाही. गाडी कितीही कमी कलली तरी हे ३५२ किलो जवळपास तसेच राहतात. म्हणूनच उंच एसयूव्हीला जाड बार लावून ती कमी कलती केली, तरी ती उलटण्याचा धोका त्याच प्रमाणात कमी झाला असे मानणे घातक आहे. कलणे हा चालकाला मिळणारा इशारा आहे, आणि बार त्या इशाऱ्याचा आवाज कमी करतो.

मग बार करतो काय? तो या ३५२ किलोंची पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वाटणी ठरवतो. गाडीचे धड बऱ्यापैकी ताठ असल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकाच कोनात कलतात. त्या कलण्याला जो ॲक्सल जास्त विरोध करतो, त्याच्या वाट्याला सरकणाऱ्या भारातला मोठा हिस्सा येतो. कंपनीतून आलेल्या गाडीत ही वाटणी समजा पुढे ६० टक्के आणि मागे ४० टक्के आहे, म्हणजे पुढे २११ किलो आणि मागे १४१ किलो. मागे जाड बार बसवून ती निम्मी-निम्मी केली, तर दोन्हीकडे १७६ किलो होतात. पुढच्या ॲक्सलवर आतून बाहेर सरकणारा भार ३५ किलोंनी घटला आणि मागच्यावर तितकाच वाढला. बदललेला भाग गाडीच्या मागच्या बाजूला आहे आणि त्याचा फायदा पुढच्या टायरना मिळतो आहे. हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, पण सगळी मेख इथेच आहे.

हा फायदा पकडीत कसा बदलतो, ते टायरच्या एका स्वभावावर अवलंबून आहे. टायरवरचा भार वाढवला तर त्याची पकडही वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही, त्याहून थोडी कमी. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका ॲक्सलच्या दोन्ही टायरवर ३०० किलो भार आहे आणि तेवढ्या भाराला प्रत्येक टायर ३०० किलोइतकीच बाजूची पकड देतो. एकूण ६०० झाली. आता वळणावर भार सरकून आत १५० आणि बाहेर ४५० किलो झाला. हलका झालेला टायर भाराच्या मानाने जरा उदार होतो आणि १.०६ पट, म्हणजे १५९ किलो पकड देतो. जड झालेला टायर हात आखडतो आणि ०.९२ पट, म्हणजे ४१४ किलो देतो. बेरीज ५७३. भार तितकाच राहूनही पकड २७ किलोंनी कमी झाली. म्हणजेच एखाद्या ॲक्सलवर भाराची वाटणी जितकी असमान, तितकी त्या ॲक्सलची एकूण पकड कमी. मागे जाड बार लावून आपण मागची वाटणी जास्त असमान करतो आणि पुढची थोडी समान करतो. पकड मागून काढून पुढे दिली, असे त्याचे सरळ वर्णन करता येईल.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत इंजिन पुढे असते, ओढही पुढच्याच चाकांना असते आणि स्टिअरिंगही त्यांनाच फिरवते. एकूण वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग पुढच्या ॲक्सलवर असतो. अशी गाडी वळणात जोरात घातली की पुढचे टायर आधी हार मानतात. स्टिअरिंग वळवलेले असूनही गाडीचे तोंड वळणाबाहेर जाऊ लागते. यालाच अंडरस्टिअर म्हणतात. मागच्या टायरकडे त्या वेळी बरीच पकड शिल्लक असते, पण ती कामी येत नाही, कारण गाडी किती वेगाने वळणार हे आधी हार मानणारा ॲक्सल ठरवतो. तेव्हा मागच्या शिलकीतून थोडी पकड कमी झाली आणि पुढे थोडी वाढली, तर गाडीची वळण घेण्याची एकूण क्षमता खरोखरच किंचित वाढते. गाडीचे तोंड स्टिअरिंगच्या मागे लवकर येते, वळणाच्या मध्यावर स्टिअरिंग आणखी पिळावे लागत नाही, आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला तर आतले पुढचे चाक जागेवर फिरण्याचे प्रमाणही घटते, कारण त्या चाकावर पूर्वीपेक्षा जास्त भार टिकून असतो.

याला आणखी एक जोड आहे. या गाड्यांत पुढे सहसा मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब असतो, आणि धड कलले की या रचनेत बाहेरचे पुढचे चाकही धडाबरोबर बाहेर झुकू लागते, त्यामुळे टायरची बाहेरची कडाच रस्त्यावर जास्त घासते. मागच्या बारने संपूर्ण धडाचे कलणे कमी केले की पुढचा टायर जास्त सपाट टेकतो. काही चालकांना जाणवणारी सुधारणा भाराच्या वाटणीपेक्षा या सपाट टेकण्यातूनच जास्त आलेली असते.

मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत हेच गणित उलटे फिरते. तिथे मागे जाड बार लावला तर आतले मागचे चाक हलके होते, ॲक्सिलरेटर दिला की तेच जागेवर फिरते आणि ओढ वाया जाते. म्हणून अशा गाड्यांत पुढचा बार जाड करण्याकडे कल असतो. शेवर्ले कॉर्व्हेअर या अमेरिकन गाडीचे उदाहरण या संदर्भात पुन्हा पुन्हा दिले जाते. १९६० च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते, मागचे सस्पेन्शन स्विंग ॲक्सल जातीचे (चाक वर-खाली होताना त्याचा झुकावही बदलतो अशा रचनेचे) होते आणि सुरुवातीच्या गाड्यांना पुढे बार दिलेला नव्हता. मागचा भाग जड असल्यामुळे वळणात शेपूट सुटण्याकडे, म्हणजे मागची चाके बाहेर घसरण्याकडे तिचा कल होता, आणि तो आवरण्यासाठी कंपनीने टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पीएसआय अशी हवा सांगितली होती. हवेतला हा फरक म्हणजे पुढची पकड मुद्दाम कमी ठेवण्याचा उपाय होता, आणि ज्यांनी चारही चाकांत सारखी हवा भरली त्यांनी तो नकळत काढून टाकला. १९६४ च्या मॉडेलला पुढचा बार सरसकट दिला गेला आणि मागे आडवी पाटा-स्प्रिंग आली; १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच नवे झाले. त्याच वर्षी ग्राहकहक्कांसाठी लढणारे वकील राल्फ नेडर यांनी जुन्या मॉडेलवर केलेल्या टीकेने ही गाडी कायमची बदनाम झाली. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने, त्या काळच्या इतर गाड्यांच्या तुलनेत ती जास्त धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. वादात कोणाची बाजू खरी हे बाजूला ठेवले, तरी एका सळईचे असणे किंवा नसणे गाडीच्या स्वभावाला किती भिडते, हे त्यातून दिसते.

आता जाडीकडे येऊ. भरीव सळईचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार काढून २२ मिलिमीटरचा बसवला, तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण ताठपणा १.४६ पट होतो. १८ वरून २२ वर गेलात तर तो २.२३ पट होतो. पोकळ बारमागचा तर्कही याच नियमात आहे: २४ मिलिमीटर बाहेरचा आणि १६ मिलिमीटर आतला व्यास असलेली नळी तितक्याच जाडीच्या भरीव सळईच्या ८० टक्के ताठपणा देते आणि वजन मात्र ४४ टक्क्यांनी वाचवते, कारण मधले पोलाद पिळाला फारसे उपयोगी नसते. वळवलेल्या टोकांची लांबीही महत्त्वाची आहे. टोकावर दोन-तीन भोके असलेले बार मिळतात. लिंक रॉड आतल्या भोकात लावला तर तरफ आखूड होते आणि बार ताठ वागतो. तरफेची लांबी २० वरून १८ सेंटिमीटर झाली तर ताठपणा साधारण २३ टक्क्यांनी वाढतो. अशा भोकांचा बार थोडा महाग असला तरी घ्यावा असे मला वाटते, कारण चूक झाली तर ती पान्याने सुधारता येते.

मात्र जाहिरातीतील टक्केवारीकडे जरा संशयाने पाहावे. ‘मूळ बारपेक्षा ४६ टक्के जास्त ताठ’ हे विधान खरे असले तरी ते फक्त बारविषयी आहे. मागचा ॲक्सल कलण्याला जो विरोध करतो, त्यात मुख्य स्प्रिंगचाही वाटा असतो. समजा त्या विरोधात बारचा हिस्सा एक तृतीयांश आहे; मग बार ४६ टक्क्यांनी ताठ केल्यावर मागचा एकूण विरोध १५ टक्क्यांच्या आसपासच वाढतो. गाडीचा स्वभाव बदलायला तेवढे पुरेसे असते, पण ‘दुप्पट ताठ’ वाचून दुप्पट फरकाची अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होते, आणि मग तो आणखी जाड बार शोधू लागतो.

अति जाड बारला एक नैसर्गिक मर्यादाही आहे. जोरात घेतलेल्या वळणात बार आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी करत करत शून्यावर आणतो आणि चाक रस्त्यावरून उचलले जाते. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयची पहिली पिढी, जी १९७६ मध्ये आली, तीन चाकांवर वळतानाच्या छायाचित्रांमुळे ओळखली जाते. पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत उचललेले मागचे चाक ना ओढ देत असते ना दिशा, त्यामुळे ते दृश्य वाटते तितके भयंकर नसते. पण चाक उचलले गेले की मागच्या ॲक्सलवर आणखी भार सरकायला जागाच उरत नाही. त्यापुढचा सगळा भार पुढच्या ॲक्सलवर सरकतो आणि पुढचे टायर पुन्हा घसरू लागतात. त्या टप्प्यानंतर आणखी जाड बारचा काहीच उपयोग राहत नाही.

किंमत मोजावी लागते ती आरामात आणि सुरक्षिततेत. दोन्ही चाके एकदम वर-खाली जातात तेव्हा बार गप्प असतो हे खरे, पण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे दोन्ही चाकांना एकदम क्वचितच भेटतात. एक चाक खड्ड्यात गेले की जाड बार त्याचा धक्का दुसऱ्या चाकाला पोहोचवतो आणि धड डावीकडून उजवीकडे हिसकते. मागे बसलेल्यांची डोकी हलतात ती यामुळेच. तिरक्या ओलांडलेल्या गतिरोधकावर आणि साइडपट्टीवर एका बाजूची चाके उतरवताना हे विशेष जाणवते. खडबडीत जागी दोन्ही चाके एकमेकांपासून मोकळी असलेली बरी; जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत पुढचा बार बटणाने सोडवता येतो तो याच कारणाने. रस्त्यावर चालणाऱ्या महागड्या गाड्यांनी वेगळा मार्ग काढला. बीएमडब्ल्यूने २००१ च्या सेव्हन सिरीजमध्ये बारच्या मध्ये हायड्रॉलिक यंत्रणा घातली, आणि ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर चालणारी विद्युत मोटर. सरळ रस्त्यावर बार सैल आणि वळणावर ताठ. आपल्या साध्या सळईला ही निवड करता येत नाही, ती कायम एकच ताठपणा बाळगते.

सुरक्षिततेचा मुद्दा जास्त गंभीर आहे. कंपन्या कौटुंबिक गाड्या मुद्दाम अंडरस्टिअर करणाऱ्या बनवतात, आणि त्यामागे चांगले कारण आहे. वळणात गाडी बाहेर जाऊ लागली की घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो. भार पुढे येतो, पुढच्या टायरना पकड मिळते आणि गाडी पुन्हा वळणात येते. म्हणजे न शिकलेल्या माणसाचा सहज प्रतिसाद अंडरस्टिअरमध्ये योग्य ठरतो. शेपूट सुटले असता तोच प्रतिसाद नेमका उलटा पडतो. ॲक्सिलरेटर सोडताच मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर झुकांडी घेतो. तिला सावरायला स्टिअरिंग झटकन उलट दिशेला द्यावे लागते, तेही मोजूनमापून. जाड मागचा बार गाडीला या दुसऱ्या स्थितीच्या जवळ नेतो.

कोरड्या रस्त्यावर हे अंतर पुरेसे असते. ओल्या रस्त्यावर चारही टायरची पकड घटते आणि मागच्यांची आधीच काढून घेतलेली असते. जुलैत ताम्हिणी किंवा आंबोली घाट उतरताना उताराने भार आधीच पुढे आलेला असतो, रस्त्यावर पाणी आणि मातीचा पातळ थर असतो, आंधळ्या वळणावर समोर अचानक ट्रक दिसतो आणि चालक दचकून पाय काढतो किंवा ब्रेक दाबतो: शेपूट सुटायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी एका क्षणात जुळून येतात. मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले असतील, तर अशा गाडीला जाड बार लावूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर ते शेपूट सुटताना एखाद्या चाकाला ब्रेक लावून सावरते आणि जाड बार असतानाही काम करत राहते; पण त्याचे सगळे हिशेब कंपनीच्या मूळ बारवर बेतलेले असतात, म्हणून त्याच्या भरवशावर जास्त जाडी निवडणे शहाणपणाचे नाही.

बार घेण्याआधी गाडीखाली एकदा पाहून घ्यावे, कारण सगळ्याच गाड्यांना मागे सुटा बार असतो असे नाही. स्विफ्ट, बलेनो, आय२०, पोलो यांसारख्या गाड्यांत मागे ट्विस्ट बीम असतो. दोन्ही चाकांचे आर्म एका आडव्या, एका बाजूने उघड्या पत्र्याच्या बीमने जोडलेले असतात. गाडी कलली की हा बीमच पिळला जातो आणि बारचे काम तोच करतो. काही गाड्यांत बीमच्या खोबणीत एक सळई जोडून तो आणखी ताठ केलेला असतो. अशा गाडीसाठी मिळणारा बार बीमच्या दोन टोकांच्या मध्ये बोल्टने बसतो. त्याला लिंक रॉड नसतात आणि पुढेमागे सरकवण्याची सोयही सहसा नसते. बीमला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून स्थानिक पातळीवर बनवलेला बार मात्र टाळावा. बीम हा गाडीच्या प्रत्येक हालचालीबरोबर पिळला जाणारा भाग आहे, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बदललेल्या जागेतून किंवा भोकाच्या कडेतून तडा सुरू होण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त असते.

स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत दुखणे वेगळ्या जागी असते. बार जेवढा जोर चाकांवर लावतो, तेवढाच जोर तो ज्या क्लॅम्पनी धरला आहे त्या जागेवर येतो. १९९० च्या दशकातील होंडा सिव्हिकला होंडाच्याच इंटेग्रा टाइप आर या वेगवान गाडीचा जाड मागचा बार लावण्याची पद्धत अमेरिकेत फार चालली, आणि त्यातल्या अनेकांना एक दिवस मागून खडखड ऐकू येऊन गाडी वर घेतल्यावर कळले की, बार जिथे बसवला होता तिथला सबफ्रेमचा पत्रा बोल्टसकट फाटून निघाला आहे. तो पत्रा सिव्हिकच्या बारीक बारसाठी बनवलेला होता. त्यानंतर त्या जागेला जाड प्लेटचा आधार देणारे संच निघाले आणि बारबरोबर ते घेणे हा जवळपास नियमच झाला. कोणत्याही गाडीसाठी जाड बार घेताना ‘हा जोर शेवटी कुठे जातो’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा, आणि क्लॅम्प, बुश व लिंक रॉड त्या जाडीसाठी वेगळे दिले आहेत का, हे पाहावे.

बसवताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून तिच्याखाली जाऊ नये. चारही चाके टेकलेली राहतील असा रॅम्प किंवा गॅरेजमधली चार खांबी लिफ्ट सर्वांत चांगली. त्याचे कारण केवळ सुरक्षितता नाही. चाके लोंबकळत असताना रबरी बुशचे बोल्ट शेवटपर्यंत आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. लिंक रॉडची लांबी कमी-जास्त करता येत असेल, तर गाडी सपाट जमिनीवर, चालकाच्या सीटवर वजन असताना, दुसऱ्या बाजूचा बोल्ट हाताने सहज सरकेल अशी ठेवावी. बोल्ट ठोकून बसवावा लागला तर बार उभ्या गाडीतच पिळलेला आहे आणि गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे वागेल. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर आतून त्यांच्यासाठीचे ग्रीस भरपूर लावावे, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर ते कुरकुरतात. बार पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेला असताना सायलेन्सरचा पाइप, ब्रेकची होस आणि स्टेपनीची टाकी यांना लागत नाही ना, हे फिरवून पाहावे. बोल्ट किती आवळायचे ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचने ठरवावे, आणि काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

बार घेण्याआधी एक स्वस्तातला प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. टायरची हवा कंपनीच्या आकड्यांवर आणावी, व्हील अलाइनमेंट करून घ्यावी, आणि आहे त्याच बारचे बुश व लिंक रॉड तपासावेत. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत लिंक रॉडचे बॉल जॉइंट अनेकदा इतके सैल झालेले असतात की बार पिळला जायला लागण्याआधीच गाडी बरीच कललेली असते. नवे लिंक आणि बुश टाकल्यावर ‘आता जाड बार कशाला’ असे बऱ्याच जणांना वाटते, आणि त्यांचे वाटणे बरोबर असते. त्यानंतरचा पैसा मी तरी चांगल्या टायरवर घालीन, कारण चारही कोपऱ्यांत पकड खरोखर वाढवणारी ती एकच वस्तू आहे. बार फक्त असलेल्या पकडीची वाटणी बदलतो.

तरीही बार बसवला, तर त्याची चाचणी सार्वजनिक घाटात करू नये. कोइंबतूरचे करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक अशा चाचणीसाठी योग्य जागा आहेत. ते शक्य नसेल तर मोकळ्या, खासगी, सपाट जागेत कमी वेगाने गोल फेऱ्या मारून, मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग काय करतो हे ओल्या आणि कोरड्या दोन्ही जमिनीवर पाहावे. बारला अनेक भोके असतील तर सुरुवात सर्वांत सैल भोकापासून करावी, आणि पावसाळ्यापुरते तरी तिथेच राहावे.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. बारची जाडी प्रमाणपत्रात लिहिलेली नसते. पण वॉरंटीच्या काळात सस्पेन्शनचा दावा नाकारायला कंपनीला तेवढे निमित्त पुरते, आणि विमा कंपनीला बदल न कळवणे अपघातानंतरच्या दाव्यात आडवे येऊ शकते. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवावे, बिले जपून ठेवावीत, आणि मूळ बार त्याच्या क्लॅम्प आणि लिंक रॉडसह भंगारात न देता तेल लावून घरी ठेवावा. घरातले दुसरे कोणी गाडी नियमित चालवू लागले किंवा गाडी विकायची वेळ आली, तर तोच परत बसवणे सर्वांत सोपे पडते.